नझीरभाईंची पाऊणपट

"मॅनोरबिअरला गाडी वाळूजवळ जाते. संडास आहे. पायऱ्या नाहीत. तो लिहा, लीनाबाय."

मी लिहिलं. नझीरभाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशाकडे वळले. वेल्सचा दक्षिण किनारा, त्यावर टेन्बी नावाचं टुमदार गाव, आणि गावाच्या दोन्ही बाजूंना ओळीने बीच. एखाद्याला वाटलं असतं, म्हातारा-म्हातारी हौसेने फिरायला निघालीत. नझीरभाईंचा चेहरा मात्र बंदरात कंटेनर मोजतानाचा होता. सॉन्डर्सफूटला चहाची दुकानं आहेत का, साउथ बीचला बसायला बाकडी आहेत का, बाराफंडल दिसायला फार सुंदर म्हणतात पण डोंगरावरून चालावं लागतं, म्हणून तो काटा. असा प्रत्येक बीच त्यांनी तपासला, पास केला किंवा परत पाठवला.

त्याच टेन्बीजवळच्या एका बीचवर गेल्या ऑक्टोबरात त्यांचा मुलगा फराज बुडाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही लपवून ठेवलं असं कोणाला वाटायला नको.

मी लीना बापट. मूळची ठाण्याची, बहारीनला मनामात एका ऑडिट फर्ममध्ये अकाउंटंट आहे. उम्म अल हस्समच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या दारासमोर मुकादमांचं दार. मी तोंडाची फटकळ आहे. माझा नवरा परीक्षित हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो, तेव्हा मीच सांगितलेलं बरं. नझीरभाई मुकादम माझ्या अगदी उलट. दहा वाक्यांचं काम तीन शब्दांत करणार, आणि त्यातला एक "इंशाल्ला".

ते मूळचे दिघीचे. रायगड जिल्ह्यात खाडीच्या तोंडावर गाव आहे, समोर जंजिरा. वडील तांडेल, म्हणजे मालाच्या गलबताचे कप्तानच. नझीरभाई विशीत मामाच्या व्हिसावर बहारीनला आले आणि एका क्लिअरिंग एजंटाकडे क्लार्क म्हणून चिकटले ते आजतागायत. जहाजातून उतरलेला माल कस्टममधून सोडवायचा हे त्यांचं काम. कंपनीची पाटी बदलली, मालक बदलले, नझीरभाईंची खुर्ची तीच राहिली. इतकी वर्षं नोकरी समुद्राच्या कडेला, पण इथल्या समुद्राला त्यांनी कधी समुद्र म्हणून मोजला नाही. "हा दर्या हाय?" ते म्हणायचे. "अर्धा मैल चाला, पाणी गुडघ्याला. म्हशी बसवा यात." आम्ही हसायचो, आणि त्यांची बायको, सायराभाभी, म्हणायच्या, "मग जा दिघीला परत, कोणी धरलंय?" कोणी धरलं नव्हतं, आणि ते जातही नव्हते. इथल्या निम्म्या लोकांचं असंच असतं.

फराज एकुलता एक. इथल्याच शाळेत शिकला. घरातली कोकणी त्याला सगळी कळायची, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. वेल्समध्ये स्वान्सीला इंजिनिअरिंग करायला गेला आणि मग टेन्बीच्या बाजूला रस्त्यांच्या कामावर नोकरीला लागला. दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन यायचा. आमची दोन्ही दारं शुक्रवारी उघडी असायची, त्यामुळे बापलेकांचं संभाषण मला पाठ होतं.

"जेवलास?"

"यस, अब्बा."

"थंडी हाय?"

"यस, अब्बा."

"बरं. अम्मीला देतो." खलास. पुढचा तासभर फोन भाभींकडे. नझीरभाई टीव्हीसमोर बसायचे आणि कान तिकडे लावायचे. मुलाशी बोलायचं फार असायचं त्यांना, पण सुरुवात कुठून करावी तेच त्यांना कळत नसे. मला त्यांची दया यायची आणि वैतागही यायचा. बोला ना बाबा, तुमचाच मुलगा आहे.

मग एका शुक्रवारी फराज सहज म्हणाला की उद्या सुट्टी आहे, बीचवर जावं म्हणतो, इथे इतके आहेत की कुठला ते ठरत नाही. नझीरभाई खुर्चीत ताठ झाले. "थांब," म्हणाले. नकाशा उघडला, चष्मा चढवला, आणि त्याला एक बीच निवडून दिला. त्या दिवसापासून फराज तिकडे फिरायचा आणि बीच इथून उम्म अल हस्सममधून नझीरभाई निवडायचे. या आठवड्यात मॅनोरबिअरला जा, मागे किल्ला दिसतो. पुढच्या आठवड्यात फ्रेशवॉटर वेस्टला जा, पण पोहू नको, तिथे ओढ असेल, लाटांवरून कळतं. मुलाने पाठवलेले फोटो आम्हाला दाखवताना "मी पाठवला त्याला तिथे" असं म्हणायचे, जणू तिकीटही यांनीच काढलं होतं.

आणि बीचबरोबर वेळ द्यायचे. ही खरी त्यांची मिजास. आपल्या कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे. हिंदू कोळी तिथी घेतात, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थी असेल तर तीन वाजता समुद्र भरणार. नझीरभाईंच्या वडिलांनी हेच त्यांना चांदावरून शिकवलं होतं. चांद दिसल्यापासूनचे दिवस मोजायचे, एक मिळवायचा, पाऊणपट करायची. लहानपणी हिशोब चुकला की बापाची चापट बसायची, म्हणून तो हाडात मुरला होता. फोनवर बोलता बोलता बोटांच्या पेरांवर मोजायचे आणि सांगायचे, "उद्या दुपारी भरती. तू संध्याकाळी जा, पाणी मागे असेल."

मी एकदा विचारलं होतं, "नझीरभाई, आपला हिशोब वेल्सला कसा चालेल?"

"का नाय चालणार?" ते म्हणाले. "चांद एकच हाय ना?"

यावर मी काय बोलणार? मी ठाण्याची, मला तलावपाळी माहीत. फराजही काही बोलायचा नाही. "ओके, अब्बा," एवढंच म्हणायचा. दोन वर्षं असंच चाललं, आणि त्या दोन वर्षांत नझीरभाई मला तरुण दिसायला लागले होते.

त्या शुक्रवारी अमावास्या तोंडावर आली होती. फराज म्हणाला, उद्या अमुक बीचवर जातो. नझीरभाईंनी पेरं मोजली आणि सांगितलं, "दुपारी भरलेला असेल. संध्याकाळी जा." "ओके, अब्बा." शनिवारी तिकडे अंधार पडायच्या आधी कड्यावरून फिरणाऱ्या एका जोडप्याला खाली खडकाजवळ कोणीतरी पाण्यातून येताना दिसलं, मग दिसेनासं झालं. रविवारी फराज सापडला. भरतीने परतीची वाट तोडली, असं तिकडच्या लोकांनी कळवलं. आपल्या लोकांना व्हिसा लगेच मिळत नाही, म्हणून दफन स्वान्सीला झालं आणि या दोघांनी जनाज्याची नमाज सोफ्यावर बसून फोनमध्ये पाहिली. फोन मी धरला होता, कारण भाभींनी दोन्ही हातांनी ओढणी धरून ठेवली होती आणि नझीरभाईंनी हात पुढेच केला नाही.

भाभी रडल्या. स्वयंपाकघरात रडल्या, लिफ्टमध्ये रडल्या, मनामाच्या सूकमध्ये भेंडी निवडताना रडल्या. रडून रडून निदान माणसासारख्या राहिल्या. नझीरभाईंचं काही कळेना. तीन दिवसांनी कामावर गेले. भेटायला आलेल्यांना चहा दिला, "अल्लाची मर्जी" म्हणाले, दारापर्यंत सोडायला गेले. जेवायला बसले की पुढ्यात येईल ते खायचे. एकदा भाभी आमटीत मीठ घालायला विसरल्या तर यांनी दोनदा वाढून घेतली. लोक म्हणायचे, काय धीराचा माणूस! मला मात्र राग यायचा. एवढा मुलगा गेला, आणि यांचा आवाजही चढत नाही की उतरत नाही. फराजचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. नाव घ्यायची वेळ आली की गप्प बसायचे आणि समोरच्यानेच ते वाक्य पुरं करायचं.

एप्रिलमध्ये दोघांचा व्हिसा आला. स्वान्सीला कबरीवर जायचं ते ठरलेलंच होतं, त्यात वाद नव्हता. वाद सुरू झाला तो ह्यूच्या मेसेजनंतर. ह्यू म्हणजे फराजबरोबर कामाला असलेला तिकडचाच एक जण, भला माणूस. त्याने मला इंग्लिशमध्ये लिहिलं की मी रजा काढून टेन्बीला गाडी घेऊन येतो. फराज ज्या बीचबद्दल बोलायचा त्यातले तीन निवडा, आईवडिलांना झेपतील असे. आणि खालच्या ओळीत लिहिलं होतं, तिथे जायचं असेल तर तिथेही नेईन, त्यांची इच्छा.

त्या बीचचं नाव दोन्ही घरांत कोणी घेत नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही. सगळे "तो" म्हणतात. आपल्या भाषेत बीचही तो आणि मुलगाही तो. भाभी म्हणाल्या, "मना फक्त तो बघायचा," तेव्हा कुठला तो, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

"तो नको," नझीरभाई म्हणाले. "तिथे पायऱ्या फार. तुझे गुडघे."

"बसून उतरेन."

"ओल्या असतात."

"तर मग तुम्ही हात धरा."

यावर नझीरभाई नकाशाकडे वळले आणि सॉन्डर्सफूटच्या पार्किंगची चौकशी करायला लागले. असं आठवडाभर चाललं. भाभींना एकच बीच हवा होता आणि नझीरभाईंना तो सोडून जगातले सगळे चालणार होते. ह्यूने दोनदा विचारलं. मी दोनदा "लवकरच कळवते" लिहिलं. ऑफिसातही मी क्लायंटला इतकं टोलवत नाही.

शेवटी एका दुपारी नझीरभाई एकटेच माझ्याकडे आले. भाभी आतल्या खोलीत झोपल्या होत्या, जमिनीवर गादी घालून झोपायच्या त्या हल्ली. ते दारातच उभे राहून म्हणाले, "लीनाबाय, तुम्ही सायराला समजवा. तुमचं ऐकते."

माझा पारा चढला. "मी का समजवू? आई आहे ती. मुलगा शेवटचा जिथे उभा होता तिथे तिला एकदा उभं राहायचंय, यात चुकलं काय? तुमचं तुम्हाला जमत नसेल तर तुम्ही गाडीत बसा!"

ते आत आले आणि खुर्चीवर बसले. मग जे बोलले ते मालाची नोंद सांगावी तसं, एका सुरात.

"तिथे दर बीचवर फळा असतो. भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, रोजचं लिहिलेलं असतं. मी फोटोत बघितलं. सायरा वाचेल. तिला इंग्लिश आकडे येतात. आमचा चांद कितवा ते तिला ठाव हाय. ती हिशोब लावेल."

"कसला हिशोब?"

"माझा हिशोब तिथे उलटा हाय. मी नंतर बघितलं. मी भरती बोलेन तेव्हा तिथे ओहोटी, मी ओहोटी बोलेन तेव्हा भरती. दर वेळी. मी त्याला बोललो संध्याकाळी जा. संध्याकाळी पाणी चढत होतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तो इंजिनिअर होता, शिकलेला होता, फोनमध्ये सगळं असतं, त्याने बघितलंच असेल. नझीरभाईंनी मान हलवली.

"ओके बोलला तो. ओके अब्बा बोलला."

मी उठून पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलं, ग्लास जागेवर ठेवला, आणि म्हणाले, "सायराला बोलू नका. एक पोरगा गेला. ती पण माझ्याकडे बघेनाशी झाली तर मी कुठे जाऊ?"

तेव्हा मला कळलं की या माणसाच्या आत काय चाललंय. त्यांना धीर वगैरे काही नव्हता. आपण मुलाला मारलं, हे ते सहा महिने एकटे धरून बसले होते, आणि दुसऱ्या कशाला हात लावायला त्यांच्याकडे हातच उरला नव्हता. मला माझ्याच फटकळपणाचा वीट आला. नाही सांगणार, असं मी वचन दिलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. नझीरभाईंनाही माहीत होतं, तरी माझ्याकडेच आले. दुसरं कोण होतं त्यांना?

पुढच्या शुक्रवारी परीक्षित कामासाठी दम्मामला गेला होता. मी म्हटलं, चला, जरा बाहेर पडू. दोघांना गाडीत घातलं आणि अरादला नेलं. किल्ल्याच्या बाजूला खाडीकाठी चालायचा रस्ता आहे, संध्याकाळी वारा असतो, माणसं पोरंबाळं घेऊन येतात. वाटेत कडक चहा घेतला. आम्ही बाकावर बसलो, भाभी मध्ये, आम्ही दोघं दोन टोकांना. पाणी आत गेलं होतं आणि चिखलात पक्षी चोची मारत होते.

भाभी म्हणाल्या, "आज ठरवा. तो ह्यू किती दिवस थांबेल?"

नझीरभाईंची यादी तयार होती. "मॅनोरबिअर, सॉन्डर्सफूट, आणि टेन्बीचा साउथ बीच. तिन्ही सपाट. साउथ बीचला बाकडी पण आहेत."

"आणि तो?"

"तिथे पायऱ्या..."

"पायऱ्या, पायऱ्या! अहो, किती वेळा तेच?" हे मी म्हणाले. चहा माझ्या हातावर सांडला. "भाभी, पायऱ्यांना नाही घाबरत हे. तिथल्या भरतीच्या फळ्याला घाबरतात!"

बोलून गेले. दिलेला शब्द आठवडाभरसुद्धा टिकला नाही. नझीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही, रागावायलाही माणूस जागा असावा लागतो. मग ते समोरच्या चिखलाकडे बघत बायकोला सगळं सांगू लागले. तोच सूर, तेच शब्द. माझा हिशोब तिथे उलटा हाय. मी बोललो संध्याकाळी जा. तो ओके बोलला. शेवटी म्हणाले, "तुला फळ्यावर दिसलं असतं. म्हणून नको बोललो. आता ठरव तू काय ते." आणि हात मांडीवर ठेवून बसले. कोर्टात निकाल ऐकायला बसतात तसे.

भाभींनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता किंचाळतील, किंवा उठून चालायला लागतील. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"सहा महिने हेच धरून बसलात?" त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्या हिशोबावर तो कधी गेलाच नाय."

नझीरभाईंना ते कळलं नाही. "काय?"

"कधीच नाय गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा तुम्ही ओहोटी बोललेलात, तिथे पाणी पार भिंतीला लागलेलं. मना फोन करून हसला. अम्मी, अब्बांचा चांद इथे उलटा चालतो. तेव्हापासून तिथलं वेळापत्रक बघायचा. तुम्ही दुपारी बोलला की हा संध्याकाळी जायचा, संध्याकाळी बोलला की दुपारी."

"पण तो मना..."

"ओके बोलायचा. हो. मीच विचारलं त्याला, अब्बांना सांगत का नाय? तर बोलला, नको अम्मी. ते मग माझ्याशी फोनवर काय बोलतील?"

भाभी पुढे घाईघाईने बोलत राहिल्या. "त्या शनिवारी दुपारी पण मना फोन आला त्याचा. तुम्ही झोपलेलात. तिथूनच केला, त्या वाळूवरून. अम्मी, समुद्र कुठच्या कुठे गेलाय, नुसती वाळू, अब्बांच्या हिशोबाने मी आत्ता बुडालेला असायला पाहिजे. असं बोलला आणि हसला. कशी सांगू तुम्हाला? पोरगा तुमच्यावर हसला आणि गेला, असं सांगू? मी गिळून टाकलं ते. तुम्ही असं काही मनात घेतलंय हे मना काय ठाव?"

म्हणजे फराज ओहोटीलाच गेला होता, बरोबर वेळ बघून. आणि तिथेच राहिला, पाणी परत येईपर्यंत. दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो तिथे काय करत होता ते कोणालाच माहीत नाही. पाय मुरगळला असेल, वाळूवर झोप लागली असेल, पलीकडच्या खडकापर्यंत चालत गेला असेल. कळणारही नाही कधी.

मला वाटलं, आता नझीरभाई मोकळे होतील. सुटले ना बिचारे, त्यांच्या बोलण्याने मुलगा गेला नव्हता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर तसं काही दिसेना. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मग हळूच विचारलं, "पहिल्यांदापासून?"

"हो."

"दोन वर्षं? दर शुक्रवारी मी बोलायचो, आणि तो..."

"हो."

आणि नझीरभाई उठले. उठले म्हणजे एकदम उभे राहिले, खाडीकडे तोंड करून, आणि ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा आहे हे मला समोरासमोर राहून ठाऊक नव्हतं.

"फराज! गधड्या! बापाला उल्लू बनवलास?"

रस्त्यावरची माणसं थांबली. एक बहारीनी बाई मुलांना जवळ घेऊन उभी राहिली. नझीरभाईंना कोणाची पर्वा नव्हती.

"ठाव होतं ना तुला? सगळं ठाव होतं! मग भरती येणार ते पण ठाव होतं! वर का नाय आलास? माझ्यापेक्षा शहाणा ना तू? मग वर का नाय आलास, फराज? कोणासाठी थांबलास तिथे? घड्याळ नव्हतं हातात? फराज!"

मी त्यांना धरायला उठले. भाभींनी माझा हात ओढून मला खाली बसवलं. "ओरडू दे त्याला," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी एरवी कधी अरेतुरे केलेलं मी ऐकलं नव्हतं.

ते ओरडत राहिले. अभ्यास केला नाही म्हणून, उशिरा घरी आला म्हणून, मोटरसायकल मागितली म्हणून जिवंत मुलाला बाप रागावतो, तसे ते त्याला नाव घेऊन रागावत होते. ऐकणारा तिथे कोणी नव्हता आणि मला रडू आवरत नव्हतं. आवाज बसला तेव्हा ते येऊन बाकावर बसले. भाभींनी त्यांच्या हातात स्वतःचा उरलेला चहा दिला. तो गार झाला होता. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर किती घातलीय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लीनाबाय, त्या ह्यूला लिहा. बाकीचे बीच नकोत. सगळे दिवस तिथेच जाऊ."